चालतंय ना, मग कशाला हात लावता?

घरा-दुकानातल्या यंत्रांविषयी आणि नेटवर्कविषयी तुम्ही जे विचारता, त्याची उत्तरं मी या पानावर देते. या महिन्याच्या पत्रांत एकच वाक्य मला तीनदा भेटलं: "चालतंय ना, मग कशाला हात लावता?" एका पत्रात ते कॅमेरेवाल्याच्या तोंडी आहे, दुसऱ्यात ऑफिसातल्या सीनियरच्या, तिसऱ्यात केबलवाल्याच्या. मी १९९९ पासून नागपुरात नेटवर्क बसवते आहे आणि हे वाक्य मीही गिऱ्हाइकाला म्हटलेलं आहे. त्याचं काय झालं ते दुसऱ्या उत्तरात सांगते.

प्रश्न : ताई, कळमन्याला माझं मिरचीचं गोदाम आहे. तीन वर्षांपूर्वी आठ कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर बसवला. वर्धमाननगरला घरी बसून मोबाइलवर गाड्या दिसतात, शटर पडलं की नाही ते दिसतं. पण दोन महिन्यांपासून रात्री नेट रडून राहिलं. नेटवाला म्हणतो, तुमच्याकडून बाहेर भयंकर डेटा जाऊन राहिला, असंच चाललं तर लाइन बंद करू. कॅमेरेवाला म्हणतो, डीव्हीआरमध्ये कधी व्हायरस नसतो, तुमच्या पोराचा लॅपटॉप पाहा, आमचं चालतंय ना मग कशाला हात लावता. लॅपटॉप फॉरमॅट केला. फरक नाही. पोरगा आता माझ्याशी धड बोलत नाही. (एक व्यापारी, कळमना)

उत्तर : भाऊ, आधी पोराची समजूत काढा. लॅपटॉप रात्री बंद असतो आणि तुमचं नेट रात्रीच रडतं. गोदामात रात्रभर जागं राहणारं यंत्र म्हणजे डीव्हीआर.

कॅमेरेवाला खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही, त्याला कोणी सांगितलंच नसेल. डीव्हीआर हा छोटा लिनक्स संगणक असतो. त्याला प्रोसेसर आहे, मेमरी आहे, नेटची तार आहे, फक्त कीबोर्ड नाही, म्हणून आपण त्याला संगणक म्हणत नाही. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरातली नेमकी हीच यंत्रं पकडली. त्याची पद्धत इतकी साधी होती की ऐकून राग येतो. इंटरनेटवरचा कुठलाही पत्ता घ्यायचा, तिथे टेलनेटचा, म्हणजे यंत्राला दुरून आदेश द्यायच्या जुन्या सोयीचा, २३ नंबरचा पोर्ट (यंत्राचं नेटवरचं दार) उघडा आहे का ते पाहायचं, आणि कारखान्यातून यंत्राबरोबर येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून बघायच्या. रूट-रूट. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन. अ‍ॅडमिन-१२३४. एवढ्यावर लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर त्याच्या हाती लागले. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच यंत्रांनी अमेरिकेतल्या डाइन कंपनीच्या डीएनएस सर्व्हरवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या संगणकांवर, एकाच वेळी प्रचंड डेटाचा मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट तिकडे कितीतरी लोकांना उघडेनात. मिराईचा कोड त्याआधीच, सप्टेंबरच्या अखेरीस, उघड्यावर टाकला गेला होता. त्याची पिलावळ अजून फिरते आहे. तुमच्या गोदामातून रात्री बाहेर जाणारा डेटा हा बहुधा असाच कुणावर तरी चाललेला मारा आहे, आणि त्यात नाव तुमच्या लाइनचं लागतं.

गेल्या महिन्यात इतवारीत एका दुकानात मी गेले होते, वेगळ्याच कामाला. गल्ल्याच्या मागे लाकडी फळीवर, गणपतीच्या फोटोशेजारी डीव्हीआर ठेवलेला. त्याच्या डोक्यावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करने लिहिलेलं: अ‍ॅडमिन, १२३४५६. मी मालकांना विचारलं, हा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे? ते म्हणाले, दुकानात येतं कोण फळीमागे? मी राउटरच्या पानावरून त्यांचा बाहेरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्यांचा नंबर, लिहून घेतला, बाहेर गल्लीत चहाच्या टपरीपाशी उभी राहिले, मोबाइलचं वायफाय बंद केलं आणि तो पत्ता टाकला. डीव्हीआरचं लॉगिनचं पान उघडलं. मालकांना बोलावून त्यांच्याच हाताने तो पासवर्ड टाकायला लावला. त्यांना स्वतःचा गल्ला दिसला, उघडा, आणि नोटा मोजणारा त्यांचा मुनीम दिसला. ते काही बोलले नाहीत. चहा तसाच टाकून आत गेले. राउटरमध्ये पाहिलं तर यूपीएनपी चालू होतं. ही सोय अशी की घरातलं यंत्र राउटरला म्हणतं, माझ्यासाठी बाहेरचं दार उघड, आणि राउटर कुणालाही न विचारता उघडतो. त्या डीव्हीआरने स्वतःच तीन पोर्ट उघडून घेतले होते. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पेटीतून काढलं, जोडलं, चित्र दिसलं, बिल दिलं, एवढंच झालं होतं.

आता तुमच्याकडे काय करायचं ते सांगते. यात क्रम चुकला तर सगळी मेहनत फुकट जाते. आधी डीव्हीआरची नेटची तार काढा. मगच तो बंद करून पुन्हा चालू करा. मिराईच्या जातीचे बहुतेक प्रोग्राम मेमरीत राहतात, वीज गेली की तेही जातात. पण जुनाच पासवर्ड ठेवून तार पुन्हा जोडली तर काही मिनिटांत परत येतात, म्हणून नुसतं बंद-चालू करून उपयोग होत नाही. तार काढलेली असतानाच टीव्हीच्या पडद्यावरून पासवर्ड बदला, लांब ठेवा. कंपनीने नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) दिलं असेल तर ते पेन ड्राइव्हने टाका. मग राउटरमध्ये जाऊन यूपीएनपी बंद करा आणि डीव्हीआरच्या नावाने जेवढे पोर्ट फॉरवर्ड केलेले, म्हणजे बाहेरून आत यायला उघडलेले, दिसतील तेवढे काढून टाका. तार सगळ्यात शेवटी.

काही जुन्या स्वस्त डीव्हीआरमध्ये टेलनेटचा पासवर्ड कारखान्यातच कोरलेला असतो. मेन्यूमधून तुम्ही पासवर्ड बदलता तो वेगळा, हा वेगळा, आणि हा बदलता येत नाही. पोरगा नेटवर्कचं थोडंफार जाणत असेल तर त्याला गोदामातल्या वायफायवरून डीव्हीआरचा २३ नंबरचा पोर्ट उघडा आहे का ते पाहायला सांगा. उघडा असेल आणि बंद करायची सोय नसेल, तर त्या यंत्राला इंटरनेट देऊच नका, रेकॉर्डिंग तसंही चालतं.

घरून पाहायचं असेल तर राउटरवर व्हीपीएन बसवून घ्या. मोबाइल आधी गोदामाच्या नेटवर्कमध्ये येतो आणि मग कॅमेरे पाहतो, बाहेरच्याला कॅमेऱ्याचं दार दिसतही नाही. वायरगार्ड हे त्यासाठी चांगलं आणि फुकट आहे. आणखी एक तपासा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (बाहेरचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर नेटवाल्याने तुम्हाला सामायिक पत्ता दिलेला आहे आणि बाहेरून त्या पत्त्यावर थेट कुणी येऊ शकत नाही. पण कॅमेऱ्यासाठी तुम्ही स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, विकत घेतला असणार, असं मला वाटतं. बहुतेक गोदामांत तसंच असतं. तो घेतला की रस्त्यावर दुकान मांडलं म्हणून समजा.

कॅमेरे बसवणाऱ्या मुलांनाही यातून सांगते. सर्व्हिसला त्रास नको म्हणून चाळीस दुकानांत एकच पासवर्ड ठेवता, हे मला माहीत आहे. एका दुकानातला नोकर सोडून गेला की चाळीस दुकानांची किल्ली त्याच्याबरोबर जाते. बिल देताना वेगळा पासवर्ड बंद पाकिटात मालकाच्या हातात ठेवा. दहा मिनिटं जास्त लागतील.

प्रश्न : ताई, मी आयटी पार्कमधल्या छोट्या कंपनीत डेव्हलपर आहे. आमचं अ‍ॅप क्लाउडवरच्या एका उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या बंद डब्यांत, चालतं. कोण लॉगिन आहे त्याची नोंद, म्हणजे सेशन, रेडिस या डेटाबेसमध्ये ठेवतो. आठ दिवसांपासून ग्राहक अचानक एकदम लॉगआऊट होतात. रेडिसमध्ये पाहिलं तर आमच्या सगळ्या की (नावाच्या नोंदी) गायब, आणि 'बॅकअप १', 'बॅकअप २' अशा नावाच्या तीन-चार नव्या की दिसतात. आम्ही तर बॅकअप लावलेलाच नाही. सीनियर म्हणतात, यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू आहे, फक्त २२, ८० आणि ४४३ उघडे आहेत, रेडिस दोन वर्षांपासून चालतंय ना, मग कशाला हात लावतोस, तुझ्या कोडमध्ये बग शोध. (एक डेव्हलपर, आयटी पार्क)

उत्तर : तुझ्या कोडमध्ये बग नाही. त्या बॅकअप नावाच्या कींमध्ये काय लिहिलंय ते उघडून वाच. तारकांनी सुरू होणारी क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीची, ओळ दिसेल आणि तिच्यात कुठून तरी स्क्रिप्ट उतरवून चालवायचा आदेश. हे रेडिसवरच्या एका जुन्या हल्ल्याचं ठसठशीत लक्षण आहे. हल्ला करणारा आधी सगळा डेटा पुसतो, म्हणून तुमचे ग्राहक बाहेर फेकले जातात. मग स्वतःच्या की लिहितो आणि रेडिसलाच सांगतो की तुझी डेटा फाइल आता क्रॉनच्या फोल्डरमध्ये सेव्ह कर. सर्व्हर ती फाइल क्रॉनचं काम समजून चालवतो. सर्व्हरवर दुरून शिरायच्या एसएसएचच्या किल्ल्यांच्या फाइलवर लिहूनही हेच करता येतं. कंटेनरमध्ये क्रॉन चालू नसेल तर त्याचा डाव तिथेच अडला असेल, पण त्या भरवशावर राहू नकोस.

सीनियर यूएफडब्ल्यूबद्दल म्हणतात ते त्यांच्या बाजूने खरं आहे, आणि गोम तिथेच आहे. डॉकर पोर्ट पब्लिश करतो, म्हणजे बाहेरच्यांसाठी उघडतो, तेव्हा आयपीटेबल्समध्ये, लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये, स्वतःचे नियम घालतो. बाहेरून आलेलं पॅकेट त्या नियमांनी वळून थेट कंटेनरकडे जातं, यूएफडब्ल्यूने जिथे चौकी बसवली आहे त्या रस्त्यावर ते येतच नाही. पुढच्या गेटला वॉचमन बसवला आणि माल मागच्या गल्लीतून गोदामात गेला, असं होतं. यूएफडब्ल्यूचं स्टेटस विचारलंस तर ते प्रामाणिकपणे सांगेल की तीनच पोर्ट उघडे आहेत.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. रेडिसने २०१६ मध्ये ३.२ या आवृत्तीत प्रोटेक्टेड मोड आणला. पासवर्ड ठेवलेला नसेल आणि कुठल्या पत्त्यावर लिसन करायचं (मागण्या ऐकायच्या) तेही सांगितलेलं नसेल, तर रेडिस फक्त त्याच मशीनवरच्या प्रोग्रामना उत्तर देतं. फार चांगली सोय. पण डॉकरच्या अधिकृत रेडिस इमेजमध्ये, म्हणजे तयार पॅकेजमध्ये, हा मोड बंद करून दिलेला असतो, कारण तो चालू ठेवला तर शेजारच्या कंटेनरला रेडिसशी बोलता येणार नाही. त्या इमेजच्या माहितीपानावर हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि पोर्ट बाहेर काढलात तर पासवर्डाविना कुणालाही उघडा राहील, हेही लिहिलेलं आहे. डॉकर बनवणाऱ्यांनी आणि ही इमेज बनवणाऱ्यांनी, दोघांनीही आपापल्या जागी बरोबर विचार केला. दोन्ही डिफॉल्ट (आधीच ठरवून आलेली सेटिंगं) एकत्र आले तेव्हा तुमचा सर्व्हर सताड उघडा पडला.

आज सर्व्हरवर एक गोष्ट बघ. उघड्या पोर्टांची यादी काढ आणि रेडिसचा पोर्ट ६३७९, त्याच्या आधी काय लिहिलंय ते वाच. १२७.०.०.१ असेल तर फक्त घरातल्या घरात. ०.०.०.० असेल तर जो येईल त्याला. तुला शून्यंच दिसतील. डॉकरच्या सेटिंगच्या कम्पोज फाइलमधून रेडिसची पोर्ट पब्लिश करणारी ओळ काढून टाक. तुझं अ‍ॅप आणि रेडिस एकाच डॉकर नेटवर्कवर आहेत, त्यांना त्या ओळीची गरजच नाही, ती कुणीतरी ट्यूटोरियलमधून उचललेली असते. डीबग करायला हवीच असेल तर पुढे १२७.०.०.१ लावून लिही. रेडिसला पासवर्ड दे. क्लाउडवाल्याच्या स्वतःच्या फायरवॉलमध्येही तेच तीन पोर्ट ठेव, तो डॉकरच्या आधी लागतो. मग सर्व्हर नवा उभा कर, जुना साफ करत बसू नकोस, आणि त्यावर असलेले सगळे पासवर्ड आणि टोकन बदल. जुन्याचे लॉग मात्र जपून ठेव. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. हा नियम कंपन्यांनाही लागू आहे. हे सीनियरना दाखव.

आता माझी गोष्ट. २०१३ मध्ये धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी मी मोंगोडीबी नावाचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर बसवलं होतं, २.४ आवृत्ती. त्या काळच्या मोंगोडीबीत पासवर्ड मागणं बंद असायचं आणि आपणहून बांधलं नाही तर ते मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर लिसन करायचं. प्रोग्रामरला घरून काम करायचं होतं, म्हणून मी त्याचा २७०१७ पोर्ट उघडा ठेवला, काम झालं की बंद करू म्हणून. चार वर्षांत मला दोनदा त्याची आठवण झाली होती. दोन्ही वेळा मी म्हटलं, चालतंय ना.

जानेवारी २०१७ मध्ये सकाळी सात वाजता लॅबच्या टेक्निशियनचा फोन आला. रिपोर्ट निघत नव्हते. मी जाऊन डेटाबेस उघडला तर आत एकच नोंद होती. इंग्रजीत लिहिलं होतं की डेटा आमच्याकडे आहे, ०.२ बिटकॉइन पाठवा. त्या महिन्यात जगभर हजारो मोंगोडीबी असे रिकामे केले गेले. एकाने ठेवलेली चिठ्ठी दुसरा पुसून आपली ठेवायचा, आणि पैसे भरूनही डेटा न मिळालेले कितीतरी होते, कारण बऱ्याच जणांनी तो उतरवून घेतलाच नव्हता, नुसता पुसला होता. आम्ही पैसे भरले नाहीत. टेक्निशियन दर रविवारी आपल्या मनानेच एका हार्ड डिस्कवर कॉपी काढायचा, तेवढ्याने तरलो. उरलेल्या चार दिवसांच्या नोंदी आम्ही तिघांनी कागदी रजिस्टरमधून हाताने चढवल्या, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, एकेक आकडा दोनदा वाचून. एका बाईंच्या बायॉप्सीचा रिपोर्ट त्यात होता. त्या काउंटरसमोरच्या बाकावर बसल्या होत्या, आणि त्यांना थांबावं का लागतंय हे मला ठाऊक होतं. ते अजून मनातून जात नाही. रुग्णांची नावं आणि आजार त्या चार वर्षांत कुणी कुणी पाहिले असतील, ते मला कधीच कळणार नाही.

म्हणून तुला सांगते, पोर्ट उघडतानाच तो कधी बंद करायचा ती तारीख कॅलेंडरमध्ये टाक.

प्रश्न : मॅडम, कंपन्यांना हे सगळं माहीत असतं, तर सॉफ्टवेअर आधीच बंद करून का पाठवत नाहीत? प्रत्येक वेळी चूक वापरणाऱ्याचीच का? (एक विद्यार्थिनी, हिंगणा रोड)

उत्तर : बरोबर विचारलंस, आणि मी तुझ्या बाजूची आहे. पेटी उघडल्यावर पाच मिनिटांत चाललं नाही तर गिऱ्हाईक परत करतं किंवा मदतीला फोन करतं, आणि त्या फोनचा खर्च कंपनीला पडतो. म्हणून दार उघडं ठेवून पाठवतात. उघड्या दाराचा खर्च कळमन्याच्या व्यापाऱ्याला पडतो, कंपनीला नाही. सगळा हिशेब इथे आहे. कितीही माहितीपत्रकं छापली तरी बहुतेक माणसं सेटिंग बदलत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यांना मिरची विकायची असते.

पण मनात आणलं तर होतं. मोंगोडीबीने २०१७ च्या अखेरीस ३.६ पासून सगळीकडे लोकलहोस्ट, म्हणजे फक्त त्याच मशीनवर ऐकणं, हाच डिफॉल्ट केला. मेमकॅश्ड नावाचं एक सॉफ्टवेअर यूडीपीवर (नेटवर डेटा पाठवायच्या एका पद्धतीवर) आपणहून उत्तर द्यायचं. त्याचा गैरफायदा घेऊन २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला, आणि नव्या आवृत्तीत ते यूडीपी मुळातच बंद करून टाकलं गेलं. एक ओळ बदलली. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकामध्ये वर्षानुवर्षं युजर पाय आणि पासवर्ड रास्पबेरी असायचा. एप्रिल २०२२ पासून तो नाही, पहिल्यांदा चालू करताना आपलं नाव आपणच ठेवायचं. इलॅस्टिकसर्च हे डेटात शोध घेणारं सॉफ्टवेअर ८.० पासून सुरक्षा चालू होऊनच येतं. यातलं कुठलंच सॉफ्टवेअर त्यामुळे बाजारातून उठलं नाही. ब्रिटनमध्ये तर २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या यंत्रांना एकच सोपा पासवर्ड देऊन नेटला जोडायची वस्तू विकणंच बेकायदा आहे. तू पुढे जे काही बनवशील त्यात पहिल्या दिवशीचं सेटिंग तूच ठरवणार आहेस. ते वापरणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांसाठी तेच कायमचं सेटिंग असेल, असं धरून ठरव.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षिका, महालात एकटी राहते. केबलवाल्याने वायफाय बसवलं. पासवर्ड बदलून द्या म्हटलं तर म्हणाला, आजी, चालतंय ना, मग कशाला हात लावता. खरंच नको लावू का? (एक वाचक, महाल)

उत्तर : बाई, जरूर लावा. राउटरच्या पोटावर एक स्टिकर असतो, त्यावर दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, दुसरा राउटरच्या आतल्या सेटिंगचा. दोन्ही बदला, दुसरा विसरू नका, तोच महत्त्वाचा. आत गेलात की डब्ल्यूपीएस आणि रिमोट मॅनेजमेंट ही दोन नावं शोधून बंद करा. शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या पोराला बसवलंत तर पंधरा मिनिटांचं काम आहे, पण नवा पासवर्ड टाईप तुम्ही स्वतः करा. राउटरच्या मागे बारीक छिद्र असतं. त्यात पिन घालून आतलं बटण दाबून धरलं की राउटर पुन्हा कारखान्यातल्या सेटिंगवर जातो, आणि दुरुस्तीला आलेला माणूस पहिल्यांदा तेच करतो. तो गेला की नवा पासवर्ड लागतो का ते पाहा, नाही लागला तर पुन्हा सगळं घालावं लागेल. म्हणून तो वहीत नीट लिहून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवा.